मिलियामाचा झाकलेला पिको

मिलियामा कहाले या बाईची देवावर श्रद्धा होती. पण रविवारी चर्चमधून घरी आली, की ती आधी पर्स उघडून आतलं सगळं जागच्या जागी आहे ना ते बघायची. समोर देव होता हे खरं, पण मागच्या बाकावर कोण बसलं होतं?

कोणी तिला पपई आणून दिली, तर ‘एवढी गोड पपई हिने स्वतःसाठी का नाही ठेवली?’ असा प्रश्न तिला पडे. कोणी आणून दिली नाही, तर ‘लपवून खात असणार’ हे ठरलेलं. नवरा जिवंत असताना तो झोपेत हसला, तरी ती त्याला उठवून ‘कोण होतं?’ म्हणून विचारी. बिचारा स्वप्नातसुद्धा एकट्यानेच फिरायला शिकला होता.

आणि तिच्या सगळ्या संशयांच्या मधोमध होता पिको. साडीला करतात तो नव्हे. तो काठाला असतो, म्हणजे शेवटाला. हा सुरुवातीला. आमच्या बेटावर, कोनाच्या चढावर, या एका शब्दावर माणसाचं निम्मं आयुष्य भागतं. बेंबी म्हणजे पिको. आईच्या पोटातून येते ती नाळ पिको. डोक्यावरची टाळू पिको, डोंगराचा माथा पिको, अळूच्या पानाला देठ जिथे येऊन भिडतो तो ठिपका पिको. कमरेखालच्या आणखीही एका गोष्टीला पिकोच म्हणतात. त्यामुळे चावट म्हातारे रस्त्यात भेटले की “काय, पिको कसा आहे?” असं विचारतात, आणि बायका “तू आधी तुझा सांभाळ” म्हणून पुढे जातात. जिथून काही सुरू होतं किंवा जिथे काही जोडलेलं असतं, तो पिको.

मिलियामाला यांतल्या एकाच पिकोशी कर्तव्य होतं: टोपीच्या.

हाला म्हणजे आपल्या केतकीची सख्खी बहीण. तेच लांब पान, तेच काटे. त्या पानांच्या पट्ट्या काढून टोप्या विणायच्या. टोपी विणायला सगळ्याच बायकांना येते. कळीचा मुद्दा असतो तो पहिल्या चार बोटांचा, टाळूवर येणारा गोल. तोच पिको. तो ज्या त्या घराचा वेगळा. पिको बघितला की टोपी कुठल्या घरची ते जाणकार बायका सांगतात, आणि आपला पिको कसा घालतात ते परक्या डोळ्यांना दिसू देणं म्हणजे आपल्या घराची किल्ली दाराबाहेर टांगणं. मिलियामाच्या आईने मरणापूर्वी तिचा हात धरून वदवून घेतलं होतं, “हा घराबाहेर जाता कामा नये.” त्या दिवसापासून मिलियामा पिको विणायला बसली, की मांडीवर जुन्या पडद्याचं कापड पसरायची आणि दोन्ही हात खाली घालून आंधळ्यासारखी विणायची. कोणी भाची, पुतणी जवळ आली की हात थांबायचे. “काय बघतेस? माझ्या मांडीवर काय जत्रा भरलीय?” पिको झाला, टोपी लाकडी साच्यावर चढली, की मग खुशाल या, बसा, कॉफी घ्या.

हे कापड ती एका माणसासमोर मात्र पसरत नसे. तो माणूस एनोका.

एनोकाची गोष्ट त्याच्या जन्मापासूनच बिघडली. बाळाची नाळ गळून पडली, की ती खडकाच्या फटीत ठेवायची आणि वर दगड ठासायचा, ही जुनी रीत. एनोकाच्या आईने ठेवली. पण दगड ठासायचा तो नुसता टेकवला. दुसऱ्या दिवशी बघते तर दगड बाजूला आणि फट रिकामी. उंदराने नेली! आणि ज्याची नाळ उंदराने नेली तो पोरगा चोर निघणार, हे आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. एनोकाला अजून दात आले नव्हते, तेव्हापासून गावाने कोंबड्या मोजायला सुरुवात केली.

पुढे तो मोठा झाला, दांडगा झाला, आवाजाने मऊ राहिला. गावात काहीही हरवलं की आधी त्याच्याकडे बघायचं, मग शोधायचं. कोणाचा कोयता हरवला, एनोका. कोणाची होडी वाहून गेली, एनोका. जणू काही होडी तो खिशात घालून नेणार होता. कोयता गवतात सापडायचा, होडी पुढच्या खाडीत सापडायची, पण एनोकाची माफी मागायला जायला कोणाला वेळ नसायचा. तो स्वतःच हसून म्हणायचा, “मी जन्मायच्या आठवड्यातच बदनाम झालो. लोकांना त्यासाठी आयुष्यभर मेहनत करावी लागते.”

अशा माणसाला मिलियामाने काम का दिलं? दयेने नव्हे. तिचा साधा हिशेब होता: चोर पाठीमागे असण्यापेक्षा डोळ्यांसमोर असलेला बरा. म्हणून तिने त्याला व्हरांड्यात आपल्या बरोब्बर समोर स्टूल दिलं. हालाची पानं आणायची, कडेचे काटे सुरीने सोलायचे, मधली शीर काढायची, पानं मऊ करून त्यांची भेंडोळी बांधायची. पहाटे हवेत ओल असते, पानं तुटत नाहीत. तेव्हा दोघं समोरासमोर बसत. ती विणे, तो सोली. कापड पसरायची गरजच नव्हती. पुरुषाच्या हाताला कधी टोपी आलीय? आणि एनोकाने इतक्या वर्षांत एकही प्रश्न विचारला नव्हता. तो बोलायचाच तर पावसाबद्दल.

असं सगळं बंदोबस्तात चाललेलं असताना मिलियामाच्या बालमैत्रिणीच्या, पुआलीच्या नातवाचा पहिला वाढदिवस आला.

आमच्याकडे पोराचा पहिला वाढदिवस म्हणजे लग्नाहून मोठा. अंगणात मांडव, जमिनीत पुरून भाजलेलं डुक्कर, अळूकंद कुटून केलेली लापशी, म्हणजे पोई, खारवलेला मासा. मिलियामा बाकावर बसून कोणी किती वाढून घेतलं ते बघत होती. तिच्यासमोर ओतानी बसला होता. ओतानीचं वरच्या वळणावर दुकान आणि मागे कॉफीची बाग. बापजाद्यांपासून इथलाच, पण नाव जपानी, डोकं टकलू, स्वभाव निवांत. आज त्याच्या डोक्यावर नवी कोरी हालाची टोपी होती. ओतानी पोई घ्यायला पुढे वाकला, टोपीची टाळू मिलियामाच्या नाकासमोर आली, आणि तिने उचललेला घास परत पानात ठेवला.

तो तिचा पिको होता. आणि टोपी तिने विणलेली नव्हती.

“ओतानी,” ती पाणी पिऊन म्हणाली, “टोपी छान आहे.”

ओतानीने खाणं थांबवलं. मिलियामाने चांगलं म्हटलं, म्हणजे काहीतरी वाईट होणार हे त्याला ठाऊक होतं.

“आहे बुवा.”

“कुठून घेतलीस?”

“घेतली नाही. मिळाली.”

“कोणी दिली?”

“देणाऱ्याने.”

“देणाऱ्याला नाव असेल ना?”

“असेल की. बिननावाचं कोण असतं?” ओतानीने टोपी आणखी खाली ओढली. “त्याने सांगितलंय, सांगू नकोस म्हणून. मासा संपतोय, घेतेस का?”

मिलियामाने मासा घेतला नाही. एवढ्यात बाजूच्या बाकावरून पुआलीने मान लांब केली. “अगोबाई, ओतानीसान, ही मिलियामाकडची का टोपी?”

“माझी नाही,” मिलियामा फाडकन म्हणाली, आणि पुढच्याच क्षणी तिच्या लक्षात आलं, की आपण स्वतःच डांगोरा पिटला. तिची नाही आणि पिको तिच्यासारखा, म्हणजे चोरी झाली! पुआलीच्या डोळ्यांत दिवा लागला. आता पुढच्या रविवारी चर्चच्या पायरीवर सगळ्या बायका विचारणार, ‘काय गं, मग कोणाची?’ आणि उत्तर नसेल तर कहाल्यांचा पिको बारा घरी फिरतोय असं धरून चालणार. आईला दिलेला शब्द मोडला तो मोडलाच, वर गावाला कळणार.

घरी येता येता तिच्या मनात एक पाल नव्हे, पालींचा कळप चुकचुकत होता.

पहिला नंबर नातीचा लागला. लोके आजीला ‘तूतू’ म्हणे, खाली किनाऱ्यावरच्या हॉटेलात कामाला होती आणि दिवसाकाठी जेवढे श्वास घेई तेवढे प्रश्न विचारी. म्हणूनच मिलियामाने तिला अजून पिको दिला नव्हता. ‘डोळ्यांनी बघ, तोंड मीट,’ ही आमच्याकडची शिकायची पद्धत. आणि लोकेचं तोंड मिटलेलं तिच्या आईनेसुद्धा फक्त झोपेत पाहिलं होतं.

“बस इथे,” मिलियामाने तिच्यापुढे पट्ट्या टाकल्या. “पिको घाल.”

“मी? आज एकदम? का? तू बरी आहेस ना, तूतू? डॉक्टर काही म्हणाला का?”

“घाल.”

“कुठली पट्टी आधी? ओली की कोरडी? आणि हे धरायचं कसं?”

लोकेने जे विणलं त्याला घरटं म्हटलं असतं, तर पाखरांनी तक्रार केली असती. मिलियामाला हायसं वाटलं आणि वाईटही वाटलं. मग तिला शंका आली, की पोरगी मुद्दाम तर वाईट विणत नाही? तिने नातीच्या डोळ्यांत रोखून बघितलं.

“तूतू, असं काय बघतेस? मी काय केलंय?”

“तेच बघतेय,” मिलियामा म्हणाली, आणि तिला सोडून दिलं. एवढं बेमालूम वाईट विणायला फार हुशारी लागते.

दुसऱ्या दिवशी ती ओतानीच्या दुकानात गेली. ताकाला जाऊन भांडं लपवणं तिच्या स्वभावात पुरेपूर होतं. आधी तिने मीठ मागितलं. मग मीठ कसलं दमट आहे म्हणून परत केलं. मग सहज नजर गेल्यासारखं दाखवून म्हणाली, “तुझ्या टोपीची कड उसवतेय बघ. आण, घट्ट करून देते.”

“कुठेय उसवलेली?”

“तुला दिसणार आहे का? कड डोक्याच्या बाहेर असते.”

ओतानीने टोपी काढली. पण दुसऱ्या बाजूने धरूनच ठेवली. दोघं काउंटरवरून टोपीची रस्सीखेच करत असताना मिलियामाने तिची टाळू उजेडाकडे वळवली. बोटाने पहिली पट्टी शोधली. तिच्यावरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. तिचाच पिको. तीच दुमड, तीच लपवलेली गाठ, जी तिच्या आईने तिला पावसाळी पहाटे दाखवली होती. पण काहीतरी खटकत होतं. तिने पुन्हा बोट फिरवलं.

उलटा होता. तिचा पिको उजवीकडे वळत जातो. हा डावीकडे वळत होता. आरशात दिसतो तसा.

“सापडली का कड?” ओतानीने विचारलं.

“सापडली,” मिलियामा म्हणाली आणि टोपी सोडून चालू लागली.

चढ उतरताना तिने सगळं जुळवलं. जो शेजारी बसून शिकतो, त्याचा उजवा तो उजवाच राहतो. उलटा कोणाचा होईल? जो समोर बसून बघतो त्याचा. तिचा उजवा हात ज्याच्या डाव्या हाताशी येतो त्याचा. वर्षानुवर्षं तिच्या बरोब्बर समोर कोण बसलं होतं? आणि त्याला तिथे बसवलं कोणी? ती रस्त्यातच थांबली. गावभर चोर शोधत निघालेल्या बाईने स्वतःच्या हाताने चोराला पहिल्या रांगेचं स्टूल दिलं होतं, कापड न पसरता.

‘उंदीर!’ तिच्या मनात आलं. ‘लोक म्हणत होते ते खरंच होतं.’ आणि आश्चर्य म्हणजे, आयुष्यभर संशय घेणाऱ्या या बाईला, आपला संशय खरा निघाल्याचा आनंद झाला नाही.

दुसऱ्या पहाटे एनोका नेहमीसारखा आला, पानांचा भारा टाकला, सुरी पुसली आणि स्टुलावर बसला. म्हणाला, “डोंगरावर ढग आहेत, आंटी. दुपारी येईल.”

मिलियामाने हातातल्या पट्ट्या त्याच्यापुढे धरल्या. “घाल.”

“काय?”

“पिको. ओतानीच्या टकलावर घातलास तो.”

एनोकाने सुरी खाली ठेवली. मग त्याने पट्ट्या घेतल्या. त्याची बोटं जाळं ओढणाऱ्या कोळ्यासारखी, जाड आणि चिरलेली. पण ती पट्ट्यांत शिरली आणि घरी आल्यासारखी चालायला लागली. मिलियामा बघत होती. समोर तिची आई बसली असावी तशी ती बोटं दुमडत होती, फक्त उलट्या हातांनी.

“किती दिवस येतंय तुला?”

“फार दिवस झाले.”

“मग कितीजणांना विकलास?”

“कोणालाच नाही. घरी विणायचो आणि उसवायचो. टोपी एकच पुरी केली. ओतानीसानची.”

“का? त्याने काय सोनं दिलं?”

“तो दुकानातून बाहेर जातो ना, आंटी,” एनोका हातांवरची नजर न काढता म्हणाला, “तेव्हा मला म्हणतो, ‘जरा बस, लक्ष ठेव.’ आणि जातो. गल्ला उघडा असतो. परत आल्यावर बघतही नाही. मी एकदा विचारलं, तुम्हाला माहीत नाही का, माझी नाळ उंदराने नेलीय? तर म्हणाला, ‘आमच्यात नाळ डबीत ठेवतात, डबी कपाटात. तुमच्या उंदरांचं मला काय सांगतोस?’”

मिलियामाला हसू येत होतं. तिने ते दाबलं.

“मला विचारलं का नाहीस?”

“तुम्हीच सांगता ना, की विचारायचं नाही, बघायचं. लोकेला रोज सांगत होतात. मी ऐकत होतो.”

मिलियामा रागावली. “चोरून बघितलंस!”

“चोरून कुठे?” एनोका पहिल्यांदा वर बघून म्हणाला. “तुमच्या डोळ्यांसमोर बसून बघितलं. माझ्यासमोर तुम्ही कापड टाकत नव्हता. मला वाटलं...” तो थांबला.

“काय वाटलं?”

“वाटलं, गावात निदान एक बाई माझ्यापासून काही लपवत नाही.”

तिने कापड का टाकलं नव्हतं ते तिला माहीत होतं, आणि ते सांगण्यासारखं नव्हतं. तिने पुढे वाकून एनोकाच्या हातातला गोल काढून घेतला, आपला अर्धा झालेला गोल शेजारी ठेवला. उजवा आणि डावा. कितीही फिरवले तरी एक दुसऱ्यावर बसेना.

“रविवारी चर्चला येतोस ना?” तिने विचारलं.

“येतो. मागे बसतो.”

“बाहेर पायरीवर थांब. पळून जाऊ नकोस.”

एनोकाचा चेहरा उतरला. पायरीवर थांबायला सांगतात, म्हणजे सगळ्यांसमोर झडती होते, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. तरी तो ‘बरं’ म्हणाला, आणि उरलेले काटे सोलून मगच गेला.

रविवारी प्रार्थना संपली. बायका पायरीवर आल्या आणि कोणालाच घरी जायची घाई नव्हती. ओतानी चर्चला येत नसे. पण आज तोही रस्त्यापलीकडे उभा होता, टोपी घालून. एनोका खांबाशी हात मागे बांधून उभा राहिला होता. पुआली गोड आवाजात म्हणाली, “मिलियामा, मग लागला का गं पत्ता? कहाल्यांचा पिको ओतानीसानच्या डोक्यावर गेला कसा?”

सगळ्यांच्या नजरा आधी मिलियामाकडे गेल्या आणि मग, जुन्या सवयीने, एनोकाकडे.

“तो कहाल्यांचा नाही,” मिलियामा म्हणाली. “डोळ्यांवर फूल पडलंय का तुझ्या? आमचा उजवीकडे वळतो. पोर असल्यापासून बघतेस. ओतानी, इकडे ये! वाक. आणखी वाक, मंडळींना टाळू दिसू दे.”

ओतानी वाकला. बायका त्याच्या डोक्याभोवती मुंग्यांसारख्या जमल्या. पुआलीने बोट फिरवलं, दुसरीने फिरवलं. “खरंच गं, डावीकडे.” “असा तर कोणाचाच नाही.” “मग कोणाच्या घरचा हा?”

मिलियामाने आईची मनातल्या मनात माफी मागितली, की तिला हिशेब समजावून सांगितला, ते तिचं तिलाच ठाऊक. मग ती चर्चमध्ये साक्ष द्यावी तशा आवाजात म्हणाली, “एनोकाच्या घरचा. माझ्यासमोर घातला त्याने, मी डोळ्यांनी बघितलाय. त्याचाच आहे.”

गावाने आजवर बऱ्याच वस्तू एनोकाकडे शोधल्या होत्या. एखादी वस्तू त्याचीच आहे, असं म्हणायची पाळी कोणावर आली नव्हती. एनोकाचे मागे बांधलेले हात सुटले आणि त्यांचं काय करावं ते त्याला कळेना.

पुआली अजून टोपीवर वाकलेली होती. तिच्या बोटाने पहिली पट्टी शोधली, दुसरी शोधली, आणि ती ओठ हलवत पुटपुटायला लागली.

“ए!” मिलियामाने तिच्या हातावर फटका मारला. “काय पाठ करतेस? ओतानी, ऊठ! टोपी घाल नीट. आणि तू एनोका, असा खांबासारखा काय उभा आहेस? या बायकांना मी चांगली ओळखते. तुझ्या व्हरांड्यात कोणी कॉफी प्यायला आली, तर आधी मला हाक मार.”